नोकरी लागली, पण काम कोण शिकवणार?

आपल्या वस्तीत एखाद्या मुलाला किंवा मुलीला बँकेत नोकरी लागली की विहारात बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लागते, पेढे वाटले जातात, आणि आठ दिवसांत स्थळेही येऊ लागतात. हे सारे योग्यच आहे. पण तो मुलगा पहिल्या दिवशी शाखेत कॅश काउंटरवर बसतो तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभे असते, हे कोणी विचारत नाही. जाहिरात कशी शोधावी, फॉर्म कसा भरावा, जातीचा दाखला कसा काढावा, यावर आपल्या वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांवर मात्र जवळजवळ काहीच लिहिले जात नाही. पोरे गळतात ती याच दोन वर्षांत.

तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे आमचे गाव. एस.टी.चे आगार गावात असल्यामुळे सकाळी स्टँडवर उभे राहिले की कोण कुठे कामाला जातो ते समजते. पूर्वी या गाड्यांतून शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक जायचे. आता पाठीला बॅग आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले दिसतात. कोणी बँकेत, कोणी विम्यात, कोणी पतसंस्थेत, आणि बरेचसे खासगी फायनान्स कंपन्यांत. गेल्या काही महिन्यांत आम्ही यांपैकी अनेकांशी बोललो. नाव छापू नका असे जवळपास सर्वांनीच सांगितले, म्हणून व्यक्तींची आणि कंपन्यांचीही नावे येथे दिलेली नाहीत.

पैशाच्या कचेरीत उमेदवारी करणाऱ्या आपल्या माणसाला काय सोसावे लागते, याचा धडा बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली अमेरिकेला गेले. शिक्षणाच्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता, म्हणून 1917 साली ते बडोद्याला हजर झाले. त्यांची नेमणूक झाली ती अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, प्रोबेशनर म्हणून. म्हणजे आजच्या भाषेत ट्रेनी! कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, आणि कचेरीतला शिपाई त्याच्या टेबलावर फाइल लांबून फेकायचा. प्यायला पाणी मिळायचे नाही. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात येऊन उभी राहिली आणि त्यांना तेथून निघावे लागले. बडोदा सुटले.

मोठे अपमान सर्वांना पाठ आहेत, पण या प्रसंगातली एक साधी गोष्ट आपण विसरतो. बाबासाहेब सकाळी दहाला कचेरीत जात आणि रात्री आठच्या सुमारास परत येत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या कचेरीत ते काम शिकण्यासाठी होते. काम शिकवणारा माणूस जर फाइल हातात द्यायला तयार नसेल, तर तो हिशेब काय शिकवणार? प्रशिक्षण म्हणजे केवळ वर्ग आणि फळा नव्हे. शेजारी बसलेला जुना माणूस खुर्ची सरकवून 'हे असे कर' म्हणतो, ते खरे प्रशिक्षण. बडोद्यात ते मिळाले नाही.

पुढे मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांविषयी सल्ला देण्याचे छोटेसे काम सुरू केले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ निघाला आणि चलनासंबंधीच्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, हे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. परंतु त्याच सुमारास, 1925 ते 1928 या काळात, बाबासाहेब मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना कचेरीत कोणी काही शिकवले नाही, तेच बाबासाहेब संध्याकाळी कारकुनी आणि हिशेबाच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना शिकवायला उभे राहिले. आम्हाला वाटते, बँकेत लागलेल्या प्रत्येक बौद्ध मुलाला पेढ्याबरोबर ही गोष्टही सांगावी.

आता बँकांकडे येऊ. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, 1980 साली आणखी 6 बँकांचे. त्यानंतर खेड्यापाड्यांत शाखा उघडल्या आणि राखीव जागांमुळे आपल्या माणसांना काउंटरच्या आतल्या बाजूला बसायला मिळाले. मात्र येथे एक मेख होती. महाराष्ट्र राज्याच्या नोकऱ्यांत बौद्धांना सवलती मिळत होत्या, पण केंद्राच्या अखत्यारीतील बँका, विमा, रेल्वे, पोस्ट येथे बौद्ध म्हणून लिहिले की अनुसूचित जातीची सवलत जात होती. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही अट गेली. तोपर्यंत लागलेल्या कित्येकांनी कागदावर 'हिंदू महार' आणि घरी 'बौद्ध' असे दुहेरी आयुष्य काढले. त्या पिढीतले एक निवृत्त हेड कॅशियर आम्हाला म्हणाले, "साहेब, आम्ही पंचवीस वर्षं 14 एप्रिलला काय करतो हे ब्रँचमध्ये कोणाले सांगितलं नाही. मग अडलेलं काम कोणाले विचारणार? विचारलं की पहिले घरचंच विचारत." माणूस लपून राहिला की शिकायचाही लपूनच. लेजर, स्क्रोल, डे-बुक, टोकन हे सारे त्यांनी दुपारी सगळे डबा खायला गेले की जुनी व्हाउचरे उलटून पाहत शिकले, असे ते सांगतात.

आज लेजर गेले, संगणक आला. उघड जातीवाचक बोलणेही कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. पण नव्या मुलांचे अनुभव ऐकले तर शिकवण्याची पद्धत फारशी बदललेली दिसत नाही. प्रशिक्षण केंद्रात काही दिवसांचा वर्ग होतो. तेथे जेवण चांगले असते, बँकेचा इतिहास सांगतात, ग्राहकाशी गोड कसे बोलावे ते सांगतात. मग शाखेत पाठवतात. शाखेत माणसे कमी असतात, त्यामुळे नव्याला पहिल्याच आठवड्यात कॅशवर बसवतात. कॅशमध्ये तूट आली तर ती कॅशियरने भरायची हा जुना रिवाज आहे, तो प्रशिक्षण केंद्रात कोणी नीट सांगत नाही. एका मुलीने पहिल्या महिन्यात पगारातून दोन वेळा तूट भरली. घरी सांगितले नाही. आई म्हणायची, नोकरी लागूनही पोरगी पैसे हातावर ठेवत नाही.

याहून गंभीर गोष्ट पासवर्डची आहे. ती जरा विस्ताराने सांगतो, कारण आमच्या माहितीतल्या दोन मुलांच्या नोकऱ्या यात अडकल्या.

हल्ली प्रत्येक व्यवहार दोन हातांतून जातो. एकाने नोंद टाकायची, दुसऱ्याने ती तपासून पास करायची. प्रत्येकाचा युजर आयडी वेगळा, पासवर्ड वेगळा. संगणकाच्या लेखी तुमचा आयडी म्हणजे तुमची सही. आता काउंटरवर गर्दी आहे, पास करणारे साहेब बाहेर गेले आहेत, किंवा साहेबच म्हणतात, "अरे, तुझा पासवर्ड सांग, एक अर्जंट एंट्री आहे, मी टाकतो." नवा मुलगा प्रोबेशनवर असतो. कारकुनाचे प्रोबेशन साधारण सहा महिन्यांचे, अधिकाऱ्याचे दोन वर्षांचे. कायम होण्याचा शेरा त्याच साहेबाच्या हाती. तो नाही म्हणू शकत नाही, आणि त्यातही आपला मुलगा तर मुळीच नाही, कारण 'कोट्यातून आलेला आणि वर नखरे' हे ऐकायची त्याला भीती असते. तो पासवर्ड देतो. वर्षभराने ऑडिटमध्ये त्या नोंदीत गफलत निघते. साहेबांची बदली झालेली असते. आरोपपत्र येते ते ज्याचा आयडी त्याच्या नावावर.

या मुलाला काय शिकवायला हवे होते? पासवर्ड देऊ नये, हे तर भिंतीवरच लिहिलेले असते. शिकवायचे होते ते हे, की साहेबाला नाही कसे म्हणावे. "सर, मी येथेच उभा राहून एंट्री टाकतो, तुम्ही सांगा" असे एक वाक्य. तेही जमले नाही, तर त्याच दिवशी साध्या कागदावर तारीख, वेळ आणि काय घडले ते लिहून ठेवणे, आणि लगेच पासवर्ड बदलणे. एवढे कोणी जवळचे माणूस सांगते तर ते आरोपपत्र टळले असते. ज्यांच्या घरात वडील, काका, मामा बँकेत असतात त्यांना हे जेवताना कळते. आमच्या घरात जेवताना संत्र्याचे बगीचे आणि रोजीच्या गोष्टी निघतात. तो दोष कोणाचा नाही, पण फरक मोठा आहे.

सवलती कागदावर आहेत, हेही सांगितले पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी भरतीपूर्व आणि पदोन्नतीपूर्व प्रशिक्षणाची सोय सरकारी बँकांत आहे. प्रत्येक बँकेत या वर्गाच्या तक्रारी पाहण्यासाठी लायझन ऑफिसर नेमलेला असतो. कारकुनी भरतीची सामाईक परीक्षा 2011 पासून आयबीपीएसमार्फत होते, आणि ती मराठीतूनही देता यावी असा निर्णय 2021 साली झाला. तळेगाव-आष्टीसारख्या भागातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही अनेक मुले इंग्रजीचाच फॉर्म भरतात, कारण क्लासवाल्यांची पुस्तके इंग्रजीत.

पण पदोन्नतीपूर्व वर्गाचे काय होते? पत्र शाखेत येते तेव्हा वर्गाला दोन दिवस उरलेले असतात. किंवा मॅनेजर म्हणतात, "तू गेलास तर कॅश कोण पाहणार?" किंवा शेजारचा हसत म्हणतो, "तुम्हाला अभ्यास कशाला लागतो?" या तीनपैकी एक कारण बहुतेकांनी सांगितले. आणि चौथे कारण आपले आपणच. पदोन्नती झाली की बदली होते. म्हातारे आई-वडील, मुलांची शाळा, बायकोची अंगणवाडीची नोकरी. म्हणून आपले हुशार हुशार कारकून अर्जच करीत नाहीत. घरची अडचण खरी असते, आम्ही ती नाकारत नाही. पण कारकुनातून पहिल्या श्रेणीचा अधिकारी होताना राखीव जागा आहेत, त्यापुढे वरच्या श्रेणींत पदोन्नतीसाठी त्या नाहीत. जानेवारी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या द्याव्यात असे बँकांना सांगितले होते, तेही जानेवारी 2016 मध्ये फेरविचारात मागे घेतले. म्हणजे जी एकच पायरी आपल्यासाठी मोकळी आहे, त्या पायरीशीच आपण बसून राहतो. आणि वर अधिकारी आपला नसला की प्रोबेशनवरच्या पोराचा शेरा लिहिणारा हात कोणाचा असतो, ते सांगायला नको.

जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा पास झाल्या तर जादा वेतनवाढी मिळतात. त्या घेणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स ही संस्था 1928 पासूनची आहे, आता तिचे नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स. या परीक्षांची पुस्तके आमच्या परिसरात किती जणांच्या घरी आहेत, याची आम्ही चौकशी केली. एका घरी होती, तीही फोडलेली नव्हती. आमच्या कर्मचारी संघटनांनाही येथे दोन शब्द ऐकवले पाहिजेत. जयंतीचे बॅनर, डायरी, कॅलेंडर आणि निवृत्तीचा सत्कार यांवर वर्गणी खर्च होते. त्यातून दरवर्षी दहा मुलांना पुस्तके घेऊन दिली तर बॅनर थोडे लहान होईल, इतकेच. (राग येईल त्यांनी आम्हाला जरूर पत्र लिहावे, पण पुस्तके आधी घ्यावीत.)

सरकारी बँकेतल्या मुलाला निदान नियम आहेत, संघटना आहे, दाद मागायची जागा आहे. खासगी फायनान्स कंपनीत लागलेल्या मुलांचे हाल वेगळेच. ही मुले बारावी किंवा बी.ए. झालेली, मोटरसायकल स्वतःची, पेट्रोलचे पैसे निम्मे मिळणारे. प्रशिक्षण म्हणजे तीन दिवस हॉलमध्ये बसवणे आणि चौथ्या दिवशी एका जुन्या माणसाच्या मागे गाडीवर पाठवणे. तो जुना माणूस सहा महिन्यांचा जुना! त्याच्याकडून ते काय शिकतात? बचतगटाच्या बायांच्या दारात बसून कसे राहायचे, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना तिच्यावर कसे सोडायचे. आणि ही वसुली कोठे असते? आपल्याच वस्त्यांत. एक मुलगा सांगत होता, "ज्या मावशीनं मले लहानपणी भाकर खाऊ घातली, तिच्या घरी मी हप्त्यासाठी संध्याकाळी आठपर्यंत बसलो. उठलो तर साहेब फोनवर शिव्या देत."

त्या मुलाला कोणीच सांगितले नव्हते की असे बसणे नियमाविरुद्ध आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये सूक्ष्म कर्जासंबंधी जे निर्देश काढले, त्यांत वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करण्यास मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाईक, मित्र किंवा सहकारी यांना त्रास देणे हेही वर्ज्य आहे. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असेही त्यात आहे. आणि कर्मचाऱ्यांना ग्राहकाशी कसे वागावे याचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कंपनीवर टाकलेली आहे. हा कागद आम्ही मराठीत करून त्या मुलाला आणि त्या मावशीलाही दिला. मावशींनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून ठेवला आहे. मुलाने खिशात ठेवला. त्याने साहेबांना सांगितले, सहानंतर मी जाणार नाही. साहेब चिडले, त्याचे क्षेत्र बदलले, पण नोकरी टिकली.

सर्वांची टिकत नाही. तीन महिन्यांत नोकरी सोडून घरी बसलेली मुले आम्ही पाहिली. वस्ती त्यांना आळशी म्हणते. एका आईने आमच्याजवळ डोळ्याला पदर लावला, "मले वाटलं पोट्टं कामचुकार निघालं. बाप तर बोलेच ना त्याच्यासंग. मंग त्याच्या बॅगेत हिशेबाची चिठ्ठी सापडली, सात हजार रुपये कमी पडले होते अन् कंपनीनं पगारातून कापले होते." पोराने चार महिने हे घरात सांगितले नाही. सम्यक आजीविका हा शब्द आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. पोराचे कमावणे सम्यक आहे की नाही ते विचारण्याआधी, त्याला कामावर काय सोसावे लागते ते एकदा जेवायला बसल्यावर विचारावे.

मुलींविषयी थोडे. बँकेत, विम्यात, फायनान्समध्ये आता आपल्या मुली मोठ्या संख्येने जात आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा 2013 चा कायदा आहे. आम्ही ज्या मुलींना विचारले त्यांपैकी एकीलाच आपल्या कार्यालयातील समितीचे नाव ठाऊक होते, तेही स्वच्छतागृहाशेजारी फलक लावला होता म्हणून. रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी समितीवर कोण आहे ते विचारून वहीत लिहून घ्यावे. तक्रार करायची असो वा नसो.

हे सगळे ऐकल्यावर आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर एक छोटा वर्ग सुरू केला आहे. वर्ग म्हणजे सतरंजी, एक फळा आणि वर सांगितलेले निवृत्त हेड कॅशियर. नोटांच्या मापाचे कोरे कागद कापून शंभराच्या गड्ड्या केल्या आहेत, मुले त्या मोजतात. मुद्दाम एखाद्या गड्डीत नव्याण्णव ठेवतात. पहिल्या रविवारी सात जणांपैकी पाच जण फसले, तिसऱ्या रविवारी एकच. एकाने साहेब व्हायचे, दुसऱ्याने नवा कारकून, आणि साहेबाने पासवर्ड मागायचा, असाही खेळ करतो. साहेब झालेली पोरे इतकी रंगून शिव्या देतात की त्यांनी त्या कोठे ऐकल्या ते विचारावे लागत नाही. सुरुवातीला नाही म्हणताना मुलींचा आवाज फुटत नव्हता. आता एक जण तर खुर्चीवरून उठून उभी राहते आणि म्हणते, "सर, एंट्री मीच टाकीन."

पुढील रविवारी विम्यातून निवृत्त झालेल्या एक ताई नियुक्तीपत्र कसे वाचावे हे सांगणार आहेत. प्रोबेशन किती, नोटीस किती दिवसांची, अनामत रक्कम घेतली आहे काय, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आहेत काय, हे सारे त्या प्रत्येकाच्या पत्रावर लाल पेनाने दाखवतील. वेळ सकाळी अकरा ते एक. फी नाही. येणाऱ्यांनी नियुक्तीपत्राची झेरॉक्स, पगाराची शेवटची पावती आणि एक वही आणावी. आई-वडिलांनी सोबत आले तरी चालेल, सतरंजी मोठी आहे.